खोंड झाला तर

दुभतं जनावर कुठलं घ्यावं, हे विचारायला माझ्याकडं माणसं येतात. मी काही जनावरांचा डॉक्टर नव्हे. १९७५ साली महाराष्ट्रात दहावीची पहिली परीक्षा झाली, पुढच्याच वर्षी मी ती पास झालो आणि शेणाच्या पाटीला हात घातला. ती पाटी अजून सुटलेली नाही. एवढ्या वर्षांत आमच्या दावणीला खिलार झाली, संकरित झाली, पंढरपुरी म्हैस झाली. शेळ्या तर कायमच्याच. म्हणून लोकांना वाटतं, ह्याला कळत असेल. येणाऱ्यांत गावातली तरणी पोरं असतात, पुण्याच्या कंपनीतनं परत आलेली असतात. हल्ली मोबाईलवर गीर गाय बघून दोन एकरांत गोठा काढायला निघालेले शहरातले लोकही येतात. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, "दूध किती देती?"

मी उलटा प्रश्न टाकतो, "खोंड झाला तर काय करणार?"

बहुतेक जण हसतात. पण गाय व्याल्याशिवाय दूध देत नाही, आणि व्याली की दोनातनं एकदा खोंड होतो. दूध देणाऱ्या निम्म्या जिवाबद्दल सगळे विचारतात. दुसरा निम्मा गोठ्याच्या कोपऱ्यात बांधलेला असतो, त्याच्याबद्दल कुणी विचारत नाही. माझ्या मते जनावराची जात निवडायची असेल तर आधी त्या कोपऱ्याकडं बघावं.

आमचं गाव माण तालुक्याच्या टोकाला. शिवेवरचा ओढा ओलांडला की आटपाडी तालुका लागतो, म्हणजे सांगली जिल्हा. पाऊस दोन्हीकडं सारखाच रुसलेला. वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पडला तर बरं वर्ष म्हणायचं. ज्वारी, बाजरी, मटकी ही इथली पिकं आणि खिलार हे इथलं जनावर. आटपाडी हा औंध संस्थानातला महाल, म्हणून तिकडच्या खिलाराला आजही 'आटपाडी महाल' म्हणतात. आमच्याकडचा तो म्हसवड खिलार. जाणत्या माणसाला दोन्हींतला फरक लांबून कळतो. मला जवळ गेल्यावर कळतो.

आमच्या आबांना, म्हणजे वडलांना, 'खोंड झाला तर?' असं कुणी विचारलं असतं, तर त्यांनी गूळ वाटला असता. त्यांच्या लेखी गाय दुधासाठी नव्हतीच, खोंडासाठी होती. खिलार गाय दोन्ही वेळचं मिळून दोन-तीन लिटर देणार, तेही वासरू लावल्याशिवाय पान्हा सोडणार नाही. त्यातलं चहापुरतं घरात यायचं, बाकी खोंडाच्या पोटात. आई कधी वाटीभर जास्त पिळायला लागली की आबा सोप्यातनं ओरडायचे, "अगं, त्येच्या तोंडचं काढू नगंस. हाडात जाऊ दे त्येच्या."

ते दूध हाडात जायचं आणि यात्रेत पैसा होऊन बाहेर यायचं. म्हसवडची सिद्धनाथाची यात्रा, पुसेगावची सेवागिरी महाराजांची, खरसुंडीची पौषातली. या तीन यात्रांवर आमच्या भागातल्या शेतकऱ्याचं वर्ष फिरायचं. अंगानं लांब, पायानं काटक, काळा आवळ खूर, शिंगं मुळाशी जवळ आणि मागं वळून वर गेलेली असा खोंड असला की माणूस आपोआप थांबायचा. मग दात बघणं, चालवून बघणं, अंगावरचे भोवरे बघणं. शेवटी उपरण्याखाली हात घालून बोटांवर सौदा. मी लहान असताना त्या उपरण्याखाली काय चाललंय हे कळावं म्हणून वाकून बघायचो आणि चापट खायचो. १९७८ साली थोरल्या अक्काचं लग्न झालं ते दोन खोंडांवर. तिच्या सासरी अजून गमतीनं म्हणतात, हिच्या अंगावरचं सोनं शिंगांचं हाय.

१९७२ च्या दुष्काळात आबा आमची गाय आणि दोन खोंडं घेऊन चालत कृष्णाकाठाला गेले. भिलवडीच्या बाजूला एका ओळखीच्या वाड्यात जनावरं बांधली, तिथंच ऊस तोडायला राहिले आणि वाढ्यांवर ती जगवून पुढच्या पावसाळ्यात परत आणली. जनावरं जगवायला गेलेला माणूस सोयरीक जोडून आला, असं म्हणायला हरकत नाही, कारण अकरा वर्षांनी माझी बायको त्याच गावातनं आली. कृष्णाकाठची पोर. माहेरी म्हशी, ऊस, बारमाही विहीर, आणि भिलवडीत १९३९ पासून चितळ्यांची डेअरी. दूध म्हणजे रोजचा पैसा, हे तिला बाळपणापासून ठाऊक. लग्नानंतर आठ दिवसांत तिनं गोठा बघितला आणि विचारलं, "हितं गाय पिळायची न्हाई, तर बांधायची कशाला?"

आबा चार दिवस तिच्याशी बोलले नाहीत.

पण काळ तिच्या बाजूचा होता. मोटा गेल्या आणि विहिरीवर विजेच्या मोटारी आल्या, तिथंच बैलाचं अर्धं काम संपलं. मग ट्रॅक्टर आला. वाटण्या झाल्या, माझ्या वाट्याला साडेतीन एकर आली. त्यातलं अर्धा एकर ओलिताचं. एवढ्या रानावर बैलजोडी सांभाळणं म्हणजे दोन भाकरींसाठी आचारी ठेवणं. उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ साली बायफ संस्था सुरू केली होती. विदेशी वळूच्या रेतनाचं काम तिथनं आणि सरकारी दवाखान्यांतनं गावोगाव पसरत आमच्यापर्यंत आलं. १९८८ साली बायकोनं माहेराहून एक संकरित कालवड आणली. पहिल्या वेताला ती अकरा लिटर द्यायला लागली. आबा चरवीत वाकून बघायचे आणि म्हणायचे, "ह्यात पाणी किती हाय?"

दर दहा दिवसांनी दुधाचा पगार. शेतकऱ्याच्या घरात पगार हा शब्दच नव्हता, तो या गाईनं आणला. तिन्ही पोरांच्या वह्या-पुस्तकं, दोघांची कॉलेजं आणि आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन, सगळं त्या चरवीतनं निघालं. म्हणून संकरित गाईला नावं ठेवणाऱ्यांच्या पंगतीला मी बसत नाही. ती खाते तेवढं देते. मात्र ती खरंच खाते. मोठी एचएफ गाय दिवसाला वीस-पंचवीस किलो ओली वैरण, वर पाच-सहा किलो कडबा मागते. पेंड अंगासाठी किलो-दीड किलो, वर प्रत्येक अडीच लिटर दुधामागं एक किलो. आणि उन्हाळ्यात पाणी साठ-सत्तर लिटर. हे पाणी बहुतेक घरांत बाई ओढते, म्हणून गाय बघायला येणाऱ्याला मी सांगतो, पुढच्या वेळी बायकोला घेऊन या.

२०१३ च्या उन्हाळ्यात हे सगळं उघडं पडलं. आम्ही जनावरं घेऊन चाराछावणीत होतो. मिळायचा तो बहुतेक ऊस आणि वाढे. वाढ्यांत ऑक्झलेट असतं, ते अंगातला चुना ओढून घेतं. म्हणून बायको चुन्याची निवळी करून वाढ्यांवर शिंपडायची. कृष्णाकाठच्या माणसाला ही विद्या घरची. एचएफ गाय बारा लिटरवरनं तीनवर आली. खिलार गाईचं दूध मात्र कमी झालं नाही, कारण कमी व्हायला ते होतंच कुठं! पण ती चारी पायांवर तशीच उभी होती, आणि तिचा खोंड छावणीभर उड्या मारायचा.

आता मूळ गोष्टीवर येतो.

सुरुवातीच्या संकरित गाईंचे खोंड कामाला चालायचे. आई खिलार, त्यामुळं थोडं वशिंड असायचं, त्यावर जू टिकायचं. पण पिढीमागनं पिढी विदेशी रक्त वाढत गेलं, दूध वाढलं आणि वशिंड गेलं. सपाट मानेवर जू घसरतं, कातडी सोलते, आणि अकरा वाजताच्या उन्हात तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो. त्याला औताला कोण घेणार? महिन्या-दोन महिन्यांचा झाला की व्यापारी टेम्पो घेऊन यायचा, दोन-चारशे रुपये हातावर ठेवायचा. कुठं नेतो हे आम्ही विचारत नव्हतो आणि तो सांगत नव्हता. गावात सगळीकडं असंच होतं.

महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीला १९७६ च्या कायद्यानं बंदी होतीच, मार्च २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. टेम्पो यायचा बंद झाला. कायदा चांगला की वाईट यावर मी भाषण करणार नाही, ते करणारे पुष्कळ आहेत. मी फक्त गोठ्यातलं सांगतो. खोंडाला दिवसाला तीन लिटर दूध पाजायचं तर दोन महिन्यांत १८० लिटर. पंचवीस रुपयांनी धरलं तरी साडेचार हजार. पुढं वैरण वेगळी. आणि वर्षानं त्याला गिऱ्हाईक नाही. हा हिशेब प्रत्येक गोठ्यात मनातल्या मनात झाला आणि त्याचं उत्तर प्रत्येकानं आपल्या परीनं काढलं. कुणी रात्री बाजाराच्या गावाला सोडून आलं. कुणी चीक पाजलाच नाही. वासराला पहिल्या तासा-दोन तासांत चीक मिळाला नाही तर त्याच्या अंगात रोगाशी झगडायला काहीच नसतं. आठ-दहा दिवसांत हगवण लागते आणि ते जातं. मग 'मेला' म्हणायचं. 'मारला' असं कुणी म्हणत नाही.

आमच्या घरात हे झालं नाही, त्याचं श्रेय माझं नाही. बायकोचा नियम होता, खोंड असो की कालवड, वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा चीक पहिल्या दिवसात पोटात गेलाच पाहिजे. "तुमचा हिशेब उद्या मांडा," म्हणायची, "आज त्याला उभं ऱ्हाऊ द्या."

त्यामुळं २०१६ साली आमच्या दावणीला एकदम तीन बिनकामाचे खोंड झाले. मी एका गोशाळेत चौकशी केली, त्यांनी प्रत्येकी एवढी रक्कम भरा म्हणून सांगितलं. रक्कम ऐकून मी चहा न पिताच उठलो. शेवटी मेव्हण्यानं वाट काढली. सांगली-कोल्हापूरकडं कारखान्याला ऊस ओढणाऱ्या गाड्यांना संकरित बैल जुंपलेले दिसतात. थंडीचा हंगाम, रस्ता डांबरी, काम पहाटेचं, तिथं हे बैल चालतात. अंगाला भरलेले असतात, ओढही असते, फक्त ऊन सोसत नाही. मेव्हण्यानं दोघांना दोन वर्षं सांभाळून गाडीला शिकवलं आणि जोडी विकली. तिसरा काळा-पांढरा, त्याला आम्ही बांड्या म्हणायचो. तो घरीच राहिला. त्याच्यासाठी मी सुताराकडनं एका बैलाचं कोळपं करून घेतलं. सकाळी सहा ते नऊ तो बाजरीतनं, कांद्यातनं निमूट चालायचा. नऊ वाजले की स्वतःच थांबायचा, मग कितीही हाका. सरकारी नोकरासारखा वेळेचा पक्का. २०२२ मध्ये लम्पी आला, त्यात बांड्या गेला. अंगभर गाठी, पायाला सूज. अकरा दिवस बायकोनं त्याला हातानं चारलं.

खिलार खोंडाचं तरी सगळं चांगलं होतं असं समजू नका. शेतीतलं काम गेल्यावर तो जगला शर्यतीवर. ७ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टानं बैलगाडा शर्यती बंद केल्या, आणि पुढच्या यात्रांत आमच्याकडच्या खोंडांचे भाव बसले. त्या वर्षांत कित्येकांनी खिलार गाई मोडल्या. मी एक ठेवली. का ठेवली, याला पैशातलं उत्तर नाही. आबांनी जाताना दावणीकडं बघितलं होतं, एवढंच. १६ डिसेंबर २०२१ ला शर्यतींना परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये ती कायम झाली. आमचा २०१९ चा वर्षाचा खोंड चौदा हजाराला गेला होता, २०२२ चा तसाच खोंड एक्केचाळीस हजाराला गेला. आई तीच, वैरण तीच. दिल्लीतल्या एका निकालानं आमच्या खोंडाची किंमत तिप्पट होते, हे काही बरं लक्षण नव्हे. शंभरातला एक पळतो, लाखांच्या बातम्या त्याच्याच येतात. उरलेले नव्व्याण्णव कोण सांभाळतंय, हे त्या बातमीत नसतं.

म्हशीचं सांगायचं तर या भागाला पंढरपुरीसारखी म्हैस नाही. अंगानं बारकी, शिंगं तलवारीसारखी पाठीवर गेलेली. म्हणून गोठ्यात दोघींमध्ये अंतर ठेवावं लागतं, नाहीतर तुमचा डोळा जायचा. पाच-सहा लिटर देते, पण कडब्यावर, वाढ्यांवरही देते आणि वर्षा-सव्वा वर्षाला वितेच. स्वभावानं इतकी गरीब की कोल्हापुरात गवळी तिला दारोदार नेऊन गिऱ्हाइकासमोर पिळायचे. हरियाणाची मुऱ्हा दूध दुप्पट देईल, पण खाणंही तसंच लागतं. रेडा झाला तर त्याला थोडीफार किंमत येते, कारण तो त्या कायद्यात नाही. तो मरतो तो बहुतेक जंतांनी. आईच्या दुधातनंच जंत पोटात जातात. दहा-पंधरा दिवसांच्या आत औषध पाजलं तर वाचतो. दहा-वीस रुपयांचं औषध. रेडा म्हणून लोक तेही पाजत नाहीत, आणि मग म्हणतात, रेडकं टिकत नाहीत.

शेळीला हा प्रश्नच नाही. उस्मानाबादी शेळी चौदा-पंधरा महिन्यांत दोनदा विते, बऱ्याचदा जुळी देते, आणि बोकड झाला तर घर खूश, कारण बकरी ईदेला बोकडच पैसा करतो. पाट झाली तर कळप वाढतो. रान नसलेल्या माणसाला मी दुसरं काही सांगतच नाही.

मेंढरांची निवड आमच्यापेक्षा धनगरांना कळते. फलटणला निंबकरांच्या संस्थेनं सुंदरबनातल्या गरोळ मेंढीचं रक्त दख्खनी मेंढीत आणून जुळी देणारी 'सुवर्णा' मेंढी तयार केली. काम मोठंच. दरवर्षी सुगीनंतर माझ्या रानात खतासाठी बकरी बसवायला येतात त्या बाबांना मी तिच्याबद्दल विचारलं. ते म्हणाले, "घरी बांधून चारणाऱ्याला झ्याक हाय. आमी चालतो. येक कोकरू खांद्यावर बसतंय, दुसरं कुणाच्या खांद्यावर दिऊ?" २०२० साली आटपाडीच्या बाजारात एका माडग्याळ मेंढ्याला सत्तर लाखाची बोली लागल्याची बातमी आली होती, तिच्याबद्दलही विचारलं. बाबांनी नुसतं तंबाखू मळली.

आता गोठा सुनेच्या हातात आहे. बायकोचे गुडघे गेले. सून बारावी झालेली, वही ठेवते. कुठली गाय कधी माजावर आली, कुठली कांडी टाकली, सगळं त्यात. हल्ली लिंग निवडलेल्या रेतनाच्या कांड्या निघाल्या आहेत, शंभरात नव्वद कालवडी होतात. माझ्या सासुरवाडीच्या भिलवडीकडंच त्या तयार होतात. साध्या कांडीपेक्षा महाग, आणि गाभ राहण्याचं प्रमाण थोडं कमी, म्हणून ती पहिलारू कालवडींनाच वापरते. गेल्या दोन वर्षांत आमच्या दोन एचएफ गाईंना चार वेतांत एकच खोंड झाला. तीस वर्षं ज्याला उत्तर नव्हतं त्या प्रश्नाचं उत्तर या पोरीनं वहीत मांडून काढलं, हे मला मान्य आहे. जो जन्मलाच नाही त्याला उपाशी मारावं लागत नाही. तरी बायको एक दिवस म्हणाली, "गोठ्यात सगळ्या बायाच झाल्या की वो," आणि दोघींनी माझ्याकडं बघून हसून घेतलं. मी विषय बदलला.

सुनेचा सध्याचा बेत दोन एचएफ, एक पंढरपुरी आणि सहा शेळ्या. अर्धा एकर ओलितात मका आणि हत्ती गवत धरलं तर एवढंच बसतं. तिसरी एचएफ घ्यायला बँक तयार आहे, ती तयार नाही. या हिशेबात खिलार बसत नाही, हे तिनं मला सरळ सांगितलं. मग वहीच्या शेवटच्या पानावर तिनं हरणीचं वेगळं खातं काढलं. "हे तुमचं, आबा," म्हणाली. मला नातवंडं आबा म्हणतात, म्हणून तीही म्हणते.

हरणी आता तेरा-चौदा वर्षांची. हे बहुधा शेवटचं वेत. पोरगा म्हणतोय खोंड होऊ दे, आताच्या भावानं वर्षाची पेंड निघेल. शेजारचा शर्यतीवाला आत्ताच बयाणा घेऊन येऊन बसतोय. आयुष्यभर लोकांना 'खोंड झाला तर काय?' विचारणारा मी, मला मात्र या खेपेला कालवड हवी आहे. नाहीतर आबांच्या गाईची वेल हरणीपाशीच संपते. खिलार गाय विकत आणता येते, नाही असं नाही, पण ती दुसऱ्याच्या आबांची.

पुसेगावच्या यात्रेच्या आसपास दिवस भरतायत. बायकोनं बाजरी दळून ठेवलीय, गूळ आणलाय. रात्री दोनदा उठून मी बॅटरी घेऊन बघून येतो. कास अजून उतरलेली नाही.